आधी श्वास, मग वजनकाटा

लेक्चर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नेहमीप्रमाणे फक्त स्टाफसाठी. ग्रुपमधली एक जण दुसऱ्या मजल्यावरच कठडा धरून थांबलीये, तिला धाप लागलीये. ती बारीक असेल तर लगेच कुणीतरी विचारतं, "अगं, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" आणि ती जाड असेल तर? मग कुणी काही विचारत नाही. थेट सल्ला येतो, "आता तरी वजन कमी कर!"

जिना तोच, धाप तीच. पण एकीला पाणी मिळतं आणि दुसरीला टोमणा. तिच्या धापेचं कारण आपण काहीही न तपासता, नुसतं बघून ठरवून टाकलेलं असतं. हे फक्त मित्रमैत्रिणी करतात असं नाही. घरचे करतात, जिममधला ट्रेनर करतो, पीटीचे सर करतात आणि वाईट म्हणजे कधी कधी दवाखान्यातही हेच होतं.

माझं म्हणणं साधं आहे. वजन आणि दमा यांचा संबंध खरा आहे, चांगला पक्का आहे. पण वजन कमी करणं हा उपचाराचा एक भाग आहे. उपचार मिळण्याआधी भरायची ती फी नाही.

संबंध आहे, आणि तो नाकारू नका

आधी न आवडणारी गोष्ट बोलून घेऊ. 'बॉडी पॉझिटिव्हिटी'च्या रील्स आपण सगळेच बघतो. कुणाला शरीरावरून हिणवू नये, हे त्यातलं शंभर टक्के पटतं. पण 'वजनाचा तब्येतीशी काही संबंधच नाही' असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. निदान दम्याच्या बाबतीत तरी नाही.

२००७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी सात वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले. त्यात तीन लाख तेहतीस हजारांहून जास्त लोकांची माहिती होती. ज्यांचं वजन जास्त होतं त्यांना नव्याने दमा होण्याची शक्यता योग्य वजनाच्या लोकांपेक्षा साधारण दीडपट निघाली. लठ्ठपणाच्या गटात ती जवळजवळ दुप्पट होती. स्त्री आणि पुरुष दोघांमध्येही हेच चित्र दिसलं.

असं का होतं? एक कारण अगदी यांत्रिक आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतो आणि फुप्फुसांना जागा करून देतो. पोटावर आणि छातीवर चरबी जास्त असेल तर हा पडदा वर ढकललेला राहतो. फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. श्वास सोडल्यावर आत जी हवा शिल्लक राहायला हवी ती कमी राहते आणि मग शेवटच्या बारीक बारीक नळ्या चिंचोळ्या होतात, लवकर मिटतात. घट्ट पट्टा बांधून धावून बघा, थोडी कल्पना येईल.

दुसरं कारण रसायनांचं. चरबी म्हणजे शरीराने मागे टाकलेलं सामान, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती गप्प बसलेली नसते. लेप्टिन, इंटरल्युकिन-६ अशी द्रव्यं ती रक्तात सोडत असते. त्यातून शरीरभर एक मंद दाह चालू राहतो आणि श्वासनलिका त्यातून सुटत नाहीत. शिवाय जास्त वजनाबरोबर येणारी ॲसिडिटी, म्हणजे पोटातलं आम्ल वर येणं, आणि झोपेत श्वास अडकणं या दोन्ही गोष्टी दमा आणखी बिघडवतात.

डॉक्टर यात दोन प्रकार सांगतात. एक म्हणजे लहानपणापासूनचा ॲलर्जीचा दमा, जो वजन वाढल्यावर जास्त त्रास द्यायला लागतो. दुसरा मोठेपणी सुरू होणारा. तो स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, त्यात ॲलर्जीची खूण फारशी सापडत नाही आणि स्टिरॉइडचा नेहमीचा पंप त्याला काहीसा कमी दाद देतो. म्हणजे 'जाड माणसाचा दमा' ही एकच गोष्ट नाही. मग सगळ्यांना एकच वाक्य ऐकवून कसं चालेल?

आकडा एक, शरीरं वेगळी

आता 'मी तर बारीक आहे, माझा काय संबंध' असं म्हणून पान उलटणाऱ्यांसाठी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून वेगळे. वरून सडपातळ आणि आतून चरबीदार अशी भारतीयांची ठेवण असते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरला जातो. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

थोडक्यात, नुसतं बघून कुणाला 'हेल्दी' किंवा 'अनफिट' ठरवणाऱ्या आपल्या डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नये. पँटचा नंबर वाढत चाललाय का, पोटाचा घेर वाढतोय का, हे बघणं जास्त कामाचं.

आणि हा प्रश्न मूठभर लोकांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाच्या गटात होते. तेही बीएमआय २५ ची रेघ धरून. त्याआधीच्या फेरीपेक्षा हे प्रमाण दोन्हींत वाढलंय. मेस, वडापाव, रात्री दोनला मागवलेलं पार्सल आणि दिवसभर खुर्ची, यात आपली पिढी कुठे आहे ते वेगळं सांगायला नको.

पण धाप म्हणजे दमा नव्हे

आता दुसरी बाजू. वजनामुळे लागणारी धाप आणि दमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, दोन्हींपैकी एकच असू शकते आणि दोन्ही नसून तिसरंच काही असू शकतं. उदाहरणार्थ, रक्त कमी असणं. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया सापडला होता. जिन्यात थांबलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन कुणी तपासलंय का?

नुसत्या वजनाची धाप साधारण कष्ट केल्यावर लागते आणि बसलं की उतरते. आज अशी, उद्या तशी, असं तिचं फारसं नसतं. दमा मात्र लहरी असतो. आठवडाभर काही नाही आणि एखाद्या दिवशी साफसफाईची धूळ उडाली, कबुतरांच्या ढाबळीखालून गेलो, फटाके वाजले, शेजारी कुणी सिगारेट पेटवली की छाती आवळून येते. सूं सूं, शिट्टीसारखा आवाज येतो. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येते. थंडीत, पावसाळी हवेत, मोकळ्यावर धावल्यावर त्रास वाढतो. कुणाकुणाला तर धाप लागतच नाही, नुसता कोरडा खोकला येत राहतो.

यातलं काय आहे ते ठरवायला एक साधी तपासणी आहे, स्पायरोमेट्री. जोरात फुंकर मारायची, मशीन मोजतं. मग श्वासनलिका उघडणारं औषध देतात आणि साधारण पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर मारायला सांगतात. दुसऱ्या फुंकरीत ठळक सुधारणा दिसली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळाला. एकदा नॉर्मल आली म्हणून दमा नाहीच असंही नसतं, डॉक्टर ती पुन्हा करायला सांगू शकतात. रक्त काढणं नाही, सुई नाही. तरी कितीतरी जण आयुष्यात एकदाही ही तपासणी न करता एकतर वर्षानुवर्षं पंप घेत असतात किंवा वर्षानुवर्षं घेत नसतात.

चूक दोन्हीकडून होते हे विशेष. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याचं निदान झालेल्या लोकांची पुन्हा नीट तपासणी केली, तेव्हा साधारण ३० टक्के लोकांना दमा नव्हताच असं निघालं. आणि हे प्रमाण लठ्ठ आणि लठ्ठ नसलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. म्हणजे अंदाजाने निदान करणं सगळ्यांनाच महागात पडतं. पण जाड माणसाच्या बाबतीत अंदाज करायचा मोह जास्त होतो, कारण 'कारण' समोर उभंच असतं.

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका ढोलपथकात होती. जुलैपासून नदीपात्रात सराव. घरी आल्यावर खोकला, पहाटे तीनला जाग, छातीत शिट्टी. वजन ८२ किलो. दोन दवाखान्यांत गेली. दोन्हीकडे छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी वजनाचा विषय निघाला आणि तिथेच संपला. मग तिने जिम लावली. ट्रेडमिलवर दहा मिनिटांत खोकल्याची उबळ यायची. ट्रेनर म्हणायचा, "मॅडम, स्टॅमिना नाहीये, ढकला!" तिने ढकललं. चार महिन्यांत सहा किलो घटवले. खोकला तसाच. घरी मावशीचं वेगळंच टेन्शन, "अगं, पंपाबिंपाच्या भानगडीत पडू नको, उद्या स्थळं बघताना काय सांगायचं?" शेवटी तिसऱ्या डॉक्टरांनी फुंकर मारायला लावली. दमा निघाला. पंप सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा सलग रात्रभर झोपली. त्यानंतर तिला जिममध्ये अर्धा तास चालता यायला लागलं. आणि उरलेलं वजन उतरायला लागलं ते त्यानंतरच.

शेवटची दोन वाक्यं परत वाचा. आपण सगळे तिला उलटा क्रम सांगत होतो.

चक्र कुठे तोडायचं?

दमा आणि वजन यांचं एक दुष्टचक्र असतं. धावलं की दम लागतो म्हणून आपण धावणं सोडतो. खेळायच्या तासाला बाकावर बसतो. ट्रेकला 'माझं काम आहे' म्हणून टाळतो. हालचाल कमी झाली की वजन वाढतं. वजन वाढलं की श्वास आणखी अडतो. आणि मग लोक म्हणतात, आधी वजन कमी कर. कसं? धावून. आणि धावायला श्वास कुठून आणायचा?

हे फक्त तर्काने म्हणत नाहीये. दक्षिण कॅलिफोर्नियात दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं. पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा दमा असलेल्या मुलांमध्ये लठ्ठपणा येण्याचा धोका इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त निघाला. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो. आणि दम्याच्या झटक्यात लगेच आराम देणारं औषध जी मुलं वापरत होती त्यांच्यात हा धोका कमी दिसला. अशा एका अभ्यासातून 'औषधामुळेच वजन वाढलं नाही' असं ठामपणे म्हणता येत नाही. पण श्वास ताब्यात असेल तर हालचाल राहते, हे पटण्यासारखं आहे.

म्हणून चक्र तोडायची जागा श्वास ही आहे. आधी नीट तपासणी, मग योग्य औषध, मग व्यायाम, त्यातून वजन. आणि हे वजन किती घटवायचं? इथे एक दिलासा आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ साली दमा आणि जास्त वजन दोन्ही असलेल्या प्रौढांवर एक प्रयोग झाला. ज्यांचं वजन ५ ते १० टक्क्यांनी कमी झालं त्यांच्यापैकी ५८ टक्के लोकांचा दमा ठळकपणे जास्त आटोक्यात आला आणि रोजचं जगणं सुधारल्याचं ८३ टक्के लोकांच्या बाबतीत दिसलं. ८० किलोच्या माणसासाठी हे म्हणजे चार ते आठ किलो. फिल्टर लावलेल्या 'बिफोर-आफ्टर' फोटोतले तीस किलो नव्हेत. एवढं जमण्यासारखं आहे, पण पहाटे तीनला खोकत बसलेल्या माणसाला नाही.

पंपाची भीती

आपल्याकडे पंपाबद्दल जेवढ्या अफवा आहेत तेवढ्या सेलिब्रिटींच्या लग्नांबद्दलही नसतील. त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे 'पंपाने माणूस सुटतो'. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, हे खरं आहे. पण गोळीतलं स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. शिवाय ते थेट श्वासनलिकेत जातं, सगळ्या अंगभर फिरून नाही. गंमत बघा, वजन वाढेल म्हणून जो पंप टाळतो त्याचा दमा बिघडतो, मोठा झटका येतो आणि मग त्याला गोळ्या किंवा इंजेक्शनच द्यावं लागतं. ज्याला घाबरलो तेच दारात.

दुसरी चूक म्हणजे फक्त झटपट आराम देणारा पंप खिशात ठेवायचा आणि रोजचा सोडून द्यायचा. आराम पडला की आपल्याला वाटतं, झालं. आतली सूज तशीच असते. फक्त झटपट आरामाच्या औषधावर दमा भागवू नये, असं जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून स्पष्ट म्हटलंय. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात, असा जागतिक पाहणीचा २०१९ चा अंदाज आहे. औषध बाजारात आहे आणि माणसं मरताहेत. या दोन्हींच्या मधल्या जागेत आपली लाज, अफवा आणि आळस बसलेत.

आणि दमा असला की खेळ संपला, असंही नाही. पॉला रॅडक्लिफ या ब्रिटिश धावपटूला दमा होता. २००३ साली लंडनमध्ये तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून जागतिक विक्रम केला. तो पुढे सोळा वर्षं कुणाला मोडता आला नाही.

मग कुणी काय करायचं?

कॉलेजांपासून सुरू करू. एनएसएसच्या शिबिरात, ॲडमिशनच्या वेळी आरोग्य तपासणी होते. तीत बहुतेक वेळा सगळ्यांसमोर वजन घेतात आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगतात. त्याऐवजी पडद्यामागे वजन घ्या आणि तीन प्रश्न विचारा. रात्री खोकल्याने जाग येते का? छातीत शिट्टी वाजते का? धावल्यावर खोकला येतो का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर चिठ्ठी देऊन स्पायरोमेट्रीला पाठवा. काहीशे रुपयांना मिळणारा पीक फ्लो मीटर मेडिकल रूममध्ये ठेवायला फार मोठं बजेट लागत नाही.

पीटीच्या सरांना आणि जिममधल्या दादांना एक विनंती. पोलीस भरतीची १६०० किंवा ८०० मीटरची तयारी करणाऱ्यांपैकी कुणी दर वेळी खोकत थांबत असेल तर 'अजून एक राउंड' म्हणण्याआधी त्याला डॉक्टरांकडे पाठवा. वॉर्मअपला वेळ द्या. पंप घेऊन मैदानात येणाऱ्याला हसू नका, तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे.

डॉक्टरांना शिकवण्याइतकी मी मोठी नाही. पण पेशंट म्हणून एक मागता येतं. वजनाबद्दल जरूर बोला. पण तपासल्यावर बोला. आणि 'कमी करा' म्हणताना कसं, किती आणि तोवर श्वासासाठी काय, हेही सांगा.

आणि आपण? तुम्हाला स्वतःला हा त्रास असेल तर वजन कमी होईपर्यंत थांबू नका. कालचं वजन घेऊनच आजच्या ओपीडीला जा. 'माझी स्पायरोमेट्री कराल का?' हा प्रश्न स्वतःहून विचारा. तपासणीत दमा नाही निघाला, नुसतं वजनच निघालं, तर तेही चांगलंच. निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं. पंप मिळाला तर तो ओढायची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा, कारण चुकीच्या पद्धतीने ओढला की औषध घशातच राहतं. मग रोज वीस मिनिटं चालायला लागा. ट्रेक, ढोल, भरती सगळं नंतर येईल.

आणि तुम्ही जिन्यात पुढे गेलेल्यांपैकी असाल तर दोन पायऱ्या खाली उतरा. तिला वजन माहीत आहे. तिने आरसा बघितलाय, काटाही बघितलाय आणि तुमच्याआधी दहा जणांनी तिला ते सांगितलंय. अजून कुणी विचारलं नसेल ते विचारा, "रात्री झोप लागते का गं? खोकला येतो का?" आणि दवाखान्यात एकटीला जाऊ देऊ नका.